पडद्यावरची मांडणी कोणाची?



नवे बिऱ्हाड थाटले म्हणजे पाण्याची कळशी कुठे ठेवायची, देव्हारा कोणत्या भिंतीशी मांडायचा, हे आपण पहिल्याच दिवशी ठरवतो. टेबलावरचा संगणक घरी आला म्हणजे मात्र हीच माणसे त्याच्या ब्राउझरमध्ये परक्याने करून दिलेली मांडणी वर्षानुवर्षे तशीच वापरतात. ती मांडणी कोणीतरी स्वतःच्या सोयीने केलेली असते, आणि ती बदलायला पाच मिनिटे पुरतात, हे आज आम्हांला सांगायचे आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनीव्हाजवळच्या सर्न या संस्थेत पहिला ब्राउझर लिहिला, तेव्हा त्यात पान जसे वाचता येई तसे लिहिताही येई. पुढे ब्राउझर ही व्यापाराची जागा झाली. आपण शब्द टाकला की शोध कोणाकडे जावा, याला मोल आले. केवढे मोल म्हणाल, तर ॲपलच्या सफारी ब्राउझरमध्ये आपला शोध आधीपासूनच बसवलेला असावा म्हणून गूगलने २०२२ या एका वर्षी ॲपलला सुमारे २० अब्ज डॉलर दिले! अमेरिकन सरकारने भरलेल्या खटल्यात हा आकडा बाहेर आला, आणि ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने बेकायदा मक्तेदारी राखल्याचा निर्णय दिला. युरोपात त्याआधीच मायक्रोसॉफ्टला असा धडा मिळाला होता. ग्राहकापुढे निरनिराळे ब्राउझर निवडीसाठी मांडण्याचे वचन तिने २००९ मध्ये दिले. पुढे काही काळ ते पाळले गेले नाही, म्हणून मार्च २०१३ मध्ये तिला ५६ कोटी १० लाख युरोंचा दंड झाला. बहुतेक माणसे आयती मांडणी बदलणार नाहीत, या खात्रीवर हा सारा व्यवहार चालतो. ही खात्री आपल्याला काही फारशी भूषणावह नाही.

बदल करायचा कोठे? ब्राउझरच्या कोपऱ्यात तीन ठिपके किंवा तीन आडव्या रेघा दिसतात, तेथून सेटिंग्जमध्ये शिरावे. आरंभीचे पान, शोधयंत्र, सारे तेथेच आहे. अक्षर मोठे करायला तर तेथेही जायला नको. कंट्रोलची कळ दाबून धरावी आणि अधिकचे चिन्ह दाबावे. चाळिशी लागलेल्यांनी एवढे तरी घरी जाऊन कराच.

पण खरा प्रश्न पत्त्यांचा आहे. बँकेचे काम निघाले की बँकेचे नाव शोधाच्या चौकटीत टाकायचे आणि सर्वांत वर येईल ते उघडायचे, ही पुष्कळांची रीत. ती वरची जागा बहुधा जाहिरातीची असते. पैसे टाकले की मिळते, आणि पैसे भामट्यांजवळही असतात. बँकेच्या पानासारखे हुबेहूब पान उभारून परवलीचा शब्द काढून घेणारे याच वाटेवर बसलेले असतात. म्हणून खरा पत्ता शाखेत विचारून घ्यावा, तो स्वतः टाईप करावा, आणि पान उघडले की कंट्रोल व डी या कळा दाबून खूण करून ठेवावी. क्रोम किंवा फायरफॉक्स असेल तर पत्त्याच्या डावीकडचे लहानसे चिन्ह माऊसने ओढून डेस्कटॉपवर सोडले तरी शॉर्टकट तयार होतो. विंडोजवर हा शॉर्टकट म्हणजे दोनचार ओळींचा साधा मजकूर असतो. नोटपॅडमध्ये उघडून पाहिला तर आतला पत्ता वाचता येतो. त्याला नाव आपल्या भाषेत द्यावे: ‘वीजबिल’, ‘सातबारा’, ‘आईचे पेन्शन’. म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांनाही कोणाला हाक न मारता काम करता येईल.

मात्र बँकेच्या जुन्या खुणा एकदा तपासून घ्या. एप्रिल २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ अशा शेवटाच्या पत्त्यांवर जाण्यास सांगितले. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळतात, आणि ते देण्याचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेकडे आहे. त्याआधी केलेली खूण पुसून नव्या पत्त्याची करावी.