शकुन की कारण?



ऑगस्ट २००६ मध्ये मुंबईत माहीमच्या समुद्राचे पाणी गोड झाल्याची वार्ता पसरली. हा दैवी चमत्कार समजून लोकांनी ते पाणी प्यायले, बाटल्यांत भरून घरी नेले. पावसाळ्यात मिठी नदीचे गोडे पाणी तेथे समुद्राला मिळते, आणि त्याच नदीत शहराचे सांडपाणीही वाहते. पाणी पिऊ नका, असे महानगरपालिका बजावत होती. तरी गर्दी हटेना.

कोणाच्या श्रद्धेची टिंगल मला करावयाची नाही. मांजर आडवे गेले म्हणून थबकणारे आपल्याही घरात आहेत. परंतु शकुनाने मन शांत होते, आणि शांत मन कारण शोधत नाही. तापाने फणफणलेल्या लेकरासाठी कौल लावण्यात गेलेली रात्र परत येत नाही.

मंगल सुत्तात, मंगल कशाला म्हणावे, या प्रश्नाला तथागतांनी शकुन सांगितले नाहीत. मातापित्यांची सेवा, विद्या, कौशल्य, शिस्त ही मंगले सांगितली. मंगल दिसत नसते, ते आचरावे लागते. म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रथम कारण विचारा.

जयभीम! नमो बुद्धाय!