हेल्मुट न्यूटन आणि त्यांच्या गुरू



फॅशनच्या फोटोंवर सातवी शिकलेल्या बाईने बोलावे, याचे कोणाला हसू येईल. पण फोटो पाहायला इयत्ता लागत नाही.

हेल्मुट न्यूटन यांचा जन्म १९२० साली बर्लिनमध्ये ज्यू घराण्यात झाला. १९३६ पासून ते ईवा या नावाजलेल्या छायाचित्रकार बाईंच्या हाताखाली शिकले. १९३८ साली हिटलरच्या जाचामुळे त्यांनी देश सोडला. सिंगापूर, ऑस्ट्रेलिया करीत ते पॅरिसला आले. तेथे 'व्होग' मासिकातील त्यांच्या फोटोंनी खळबळ उडवली. उघड्या अंगाच्या, उंच टाचांच्या, करड्या नजरेच्या बायका! १९७९ साली लेखिका सुझन सोन्टॅग यांनी त्यांना तोंडावर सांगितले की, हे फोटो स्त्रीद्वेषाचे आहेत. पुष्कळ फोटोंच्या बाबतीत मलाही तसेच वाटते.

पण १९७५ सालचा एक फोटो निराळा आहे. रात्रीची वेळ, पॅरिसची गल्ली, पुरुषी सूट घातलेली एकटी बाई. हातातली सिगारेट सोडून द्या, पण तिचे निर्धास्त उभे राहणे पाहा. आपल्यापैकी कितीजणींना रात्री गल्लीत असे उभे राहता येते?

ईवाबाई मात्र बर्लिनमध्येच राहिल्या. ज्यू म्हणून त्यांचा स्टुडिओ बंद पाडला. १९४२ साली नाझींनी त्यांना पकडून नेले. त्या परतल्या नाहीत. शिष्य २००४ पर्यंत जगला, जगभर गाजला. भगिनींनो, त्याचे नाव निघेल तेव्हा ही कला शिकवणाऱ्या बाईचेही नाव घ्यावे, एवढेच माझे सांगणे.