वाकणं तेच, मान वेगळा
(पुण्यात जानेवारीत झालेल्या तिळगूळ मेळाव्यातील भाषण)

डिसेंबरपासून आमच्या गटातल्या सहाजणी दर रविवारी सकाळी वस्तीजवळच्या बागेत फिरायला जातो. थंडीत स्वेटर-कानटोपी घालून चालायचं, चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायच्या, एवढाच बेत होता. पण बोलताना लक्ष सारखं पायाखाली जायचं. गुटख्याच्या पुड्या, वेफर्सची पाकिटं, पाण्याच्या नि दारूच्या बाटल्या. झाडांवर लोंबणारा नायलॉनचा मांजा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये त्यावर बंदी घातली, पण बाजारात तो मिळतोच आणि पाखरं त्यात अडकतातच.

एका रविवारी आम्ही पोती घेऊन गेलो. दीड तासात चार पोती भरली. फिरायला आलेले गृहस्थ थांबून म्हणाले, ‘वा, छान काम करताय!’ कोणी फोटो काढले. रखवालदाराने खुर्च्या आणून दिल्या, चहा मागवला. खरं सांगते, आम्हाला बरं वाटलं.

तेवढ्यात फाटकाशी एक मावशी आल्या. खांद्यावर पोतं होतं. त्याच रखवालदाराने त्यांना हटकलं, ‘ए बाई, इथं यायचं नाही, चल निघ!’ आम्ही सहाजणी, स्त्रीमुक्तीची गाणी म्हणणाऱ्या, हातात चहाचे कप धरून गप्प बसलो. मावशी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना शोधत गेले. माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘हाकलण्याचं काय ताई, ते रोजचंच. पण तुम्ही बाटल्या नि पुठ्ठे सगळे भरून गाडीत टाकले. ती माझी दोन दिवसांची भाजी होती. घाण तेवढी ठेवलीत.’

मैत्रिणींनो, हे अगदी खरं होतं. बाटली, पुठ्ठा, पत्रा भंगारवाल्याकडे वजनावर विकला जातो. वेफर्सच्या पाकिटाला, गुटख्याच्या पुडीला गिऱ्हाईक नाही. आम्हाला हात लावायला बरं वाटलं ते आम्ही उचललं. संडासामागे पडलेले वापरलेले पॅड आम्ही पाहिले आणि नजर फिरवली. ते कोणी उचलायचे? आपण गृहीत धरलं होतं, की ‘कोणीतरी’ उचलेल. ते ‘कोणीतरी’ म्हणजे बहुतेक वेळा दलित समाजातली बाईच असते.

वाकणं तेच, पोतं तेच. मी वाकले की श्रमदान, ती वाकली की चोरीचा संशय. हा फरक कचऱ्याने केलेला नाही, जातीने आणि वर्गाने केलेला आहे. घरातलं काम फुकट धरलं जातं म्हणून आपण इतकी वर्षं भांडतो. मग शहराचं घरकाम करणाऱ्या बाईचं काम आपल्याला का दिसू नये?

त्या बायका गप्प बसलेल्या नाहीत. १९९३ मध्ये पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. ‘आम्ही भिकारी नाही, कामगार आहोत’ हे कचरावेचकांनी संघटनेच्या बळावर मांडलं. पुढे ओळखपत्रं मिळवली. त्यातूनच ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. तेव्हा आपण त्यांचा उद्धार करायला निघालेलो नाही. त्यांच्याकडून शिकायचं आहे.

आम्ही काय शिकलो ते सांगते. आता आम्ही मावशींना सोबत घेऊनच बागेत जातो. रखवालदाराशी बोललो. सुरुवातीला तो कुरकुरला, पण आता त्यांना अडवत नाही. विकलं जाणारं सगळं मावशींचं. बिनमोलाचं आम्ही भरतो, गाडीपर्यंत नेतो. पॅडसुद्धा, हातमोजे घालून, चिमट्याने. आणि संडासात झाकणाची बादली हवी, असा अर्ज बागेच्या कार्यालयात दिला आहे. बादलीच नसेल तर बाईने पॅड टाकायचं कुठे? लाज तिला वाटते, सोय मात्र कोणी करत नाही.

पॅड नीट गुंडाळून द्यावं आणि त्यासाठी उत्पादकांनी वेष्टन पुरवावं, असं २०१६ च्या घनकचरा नियमांत म्हटलं होतं. तरी किती घरांतून ते तसंच, ओल्या कचऱ्यात मिसळून येतं! मावशींच्या उघड्या हातांना ते लागतं. आपली पाळी आपण लपवतो आणि ती दुसऱ्या बाईच्या हातावर ठेवतो.

म्हणून आज हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्या आणलेल्या नाहीत. जुन्या वर्तमानपत्रांची पाकिटं आणली आहेत, प्रत्येकावर लाल ठिपका आहे. त्यात पॅड गुंडाळायचं आणि वेगळं द्यायचं. कोणाला संकोच वाटेल, पण आज हेच वाण लुटायचं आहे.

मावशी इथे आल्या आहेत. पहिला तिळगूळ त्यांना देऊ या. आणि पुढच्या रविवारी सकाळी सातला बागेच्या फाटकाशी भेटू या. हातमोजे आपापले आणा.