क्लेम अडकला तर काय करायचं?
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त ज्येष्ठ सभासदांच्या मेळाव्यात झालेले भाषण)



२५ वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा जिन्यातल्या गप्पा असायच्या पाण्याच्या वेळेच्या आणि शाळेच्या ॲडमिशनच्या. आता लिफ्टपाशी भेटलो की विषय निघतो गुडघ्याचा, अँजिओप्लास्टीचा आणि ओघाने मेडिक्लेमचा. म्हणून आज त्यावरच बोलतो.

चित्र आपल्या ओळखीचं आहे. सकाळी दहाला डॉक्टर म्हणतात, "आता घरी जा." संध्याकाळचे सहा वाजतात, पेशंट कपडे बदलून कॉटवर बसलेला, मुलगा काउंटरवर, आणि उत्तर एकच : "टीपीएकडून अप्रूव्हल आलेलं नाही." शेवटी घरचे कंटाळतात आणि खिशातून पैसे भरून मोकळे होतात. माझं सांगणं एवढंच, की तिथे कंटाळायचं नाही आणि भांडायचंही नाही. वेळ विचारायची आणि लिहून ठेवायची.

विमा नियामकाचं, म्हणजे आयआरडीएआयचं, मे २०२४ चं परिपत्रक आहे. कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर विमा कंपनीने एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची. त्याहून उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्यापायी जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. मात्र मेख अशी आहे की हे तीन तास डॉक्टरांच्या "घरी जा"पासून मोजत नाहीत. हॉस्पिटलची विनंती कंपनीला पोचली की मोजतात. कधी कधी फायनल बिलच दुपारी चारला जातं! म्हणून इन्शुरन्स डेस्कवर पहिला प्रश्न हा : "बिल किती वाजता पाठवलं?" उशीर कोणाकडे आहे ते लगेच कळतं.

दुसरी गोष्ट 'क्वेरी'ची. ॲडमिट करताना ज्युनियर डॉक्टर विचारतात, "बीपी किती वर्षांपासून?" आपण म्हणतो, "असेल पाच-सहा वर्षं." तेच केस पेपरवर जातं आणि पुढे त्यावरच प्रश्न निघतात. खरं तेच सांगा, पण अंदाजाने सांगू नका. आणि पॉलिसीत खंड पडू देऊ नका. सलग ६० महिने पूर्ण झाले की माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी.

आधी पैसे भरून नंतर क्लेम केला असेल, तर कागदांचा खेळ सुरू होतो. आपल्याच एका काकूंकडे आज एक रिपोर्ट मागितला, पंधरा दिवसांनी दुसरा, मग तिसरा. त्यांनी ईमेल केला : "दिलेल्या कागदांची यादी सोबत आहे. आणखी जे हवं ते एकदाच लेखी कळवा." फोन बंद केले, सगळं ईमेलवर. पुढे कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार गेली आणि पैसे जमा झाले. मुदतीनंतर पैसे आले तर बँक रेटपेक्षा २ टक्के जास्त दराने व्याज मागता येतं, हेही लक्षात असू द्या.

तिथेही दाद लागली नाही, तर 'बिमा भरोसा' पोर्टल आहे, टोल फ्री नंबर १५५२५५ आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यातही त्यांची कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. मात्र वर्षाच्या आत जायला हवं.

आता आपल्या घरचं. आपल्याकडे कित्येक फ्लॅटमध्ये दोघंच राहतात. मुलं बंगळुरूला, नाहीतर परदेशात. एकजण ॲडमिट झाला की दुसऱ्याने उशाशी बसायचं की काउंटरवर? म्हणून माझी सूचना आहे : प्रत्येक विंगमधल्या दोघांनी अशा वेळी सोबत जायची तयारी दाखवावी. आणि प्रत्येक घरात एक फाइल असू द्या. त्यात पॉलिसीची प्रत, आधार-पॅन, जुने रिपोर्ट, चालू औषधांची यादी आणि कंपनीचा फोन नंबर ठेवा. फाइल कुठे ठेवली आहे ते शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा.

सोबत यायला जे तयार असतील, त्यांनी चहाच्या आधी सेक्रेटरींकडे नाव द्यावं. पहिलं नाव माझं लिहून घ्या.