शेवटच्या घंटेनंतरचें शिक्षण

शाळेची शेवटची घंटा झाली कीं शिक्षण संपलें, अशी पुष्कळ पालकांची समजूत असते. खेळ, वादविवाद, स्नेहसंमेलन, हस्तलिखित हीं त्यांच्या मतें केवळ करमणुकीचीं साधनें. परीक्षा जवळ आली कीं पहिली गदा त्यांवरच यावयाची. वस्तुतः डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालील माध्यमिक शिक्षण आयोगानें १९५३ च्या अहवालांत या उपक्रमांस शिक्षणाचें अविभाज्य अंग मानलें आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानें तर अभ्यास व अभ्यासेतर यांमध्यें भिंतच नको, असें म्हटलें.

तत्त्व मान्य झालें. व्यवहार मात्र निराळा आहे. कबड्डीला मैदानावर सात गडी लागतात, खोखोला नऊ. साठ मुलांच्या वर्गांतून हे सोळा वजा केले, तर उरलेल्या चव्वेचाळिसांच्या वांट्याला टाळ्या वाजविणें तेवढें येतें. संमेलनांतहि ज्याचा आवाज गोड तोच दरवर्षीं रंगमंचावर. बुजरा मुलगा सतरंज्या घालतो. शाळेच्या कपाटांत ढाल येते खरी, परंतु हा मुलगा चारचौघांत एकदाहि तोंड न उघडतां शाळा सोडून जातो. ही हानि कोणत्याच प्रगतिपुस्तकांत नोंदली जात नाहीं.

यावर उपाय नाहीं असें नाहीं. १९०७ सालीं बेडन-पॉवेल यांनीं इंग्लंडमधील ब्राउनसी बेटावर बालवीरांचें पहिलें शिबिर भरविलें, तेव्हां मुलांच्या चार लहान तुकड्या पाडून प्रत्येकीचा नायक मुलांमधूनच नेमला. तुकडी लहान असली कीं कोणालाहि नुसतें प्रेक्षक म्हणून राहतां येत नाहीं. वर्गावर्गांचे सामने, पाळीपाळीनें संपादिलें जाणारें भित्तिपत्रक, हीं याच मार्गानें चालतील.

पैशाची अडचणहि फारशी मोठी नव्हे. १९२४ ते १९३० या काळांत साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते. तेथील वसतिगृहाची जबाबदारी आल्यावर ते 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हस्ताक्षरांत लिहून मुलांपुढें ठेवीत. छापखाना नव्हता, होता कागद, दौत आणि मुलांविषयींचा जिव्हाळा. तें वाचण्यासाठीं कोणा मुलाची निवड व्हावी लागत नसे.

पालकांनाहि येथें करण्यासारखें कांहीं आहे. मूल घरीं आल्यावर "बक्षीस मिळालें का?" असें बहुधा विचारलें जातें. त्याऐवजीं "आज तुझ्याकडे कोणतें काम होतें?" असें विचारून पाहावें. उत्तर "कांहींच नाहीं" असें आलें, तर शाळेंत जाऊन शिक्षकांना भेटण्यास तें कारण पुरेसें आहे.