आजीच्या आईचे नाव
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



स्कॉटलंडमध्ये काय पाहिलेस ते चार शब्दांत सांग, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली म्हणून मी उभी आहे. मी काही विदुषी नाही. लेकीच्या बाळंतपणासाठी एडिंबरोला गेले आणि सहा महिने राहिले, एवढाच माझा अधिकार. तेथील किल्ले, डोंगर आणि सरोवरे यांची वर्णने आपण पुस्तकांतून वाचलीच असतील. मी आज सांगणार आहे ते तिथल्या माणसांच्या एका नादाविषयी. तो नाद म्हणजे आपल्या पूर्वजांचा शोध.

लेकीच्या शेजारी ऐंशीच्या घरातल्या एक बाई राहतात. बाळाला पाहायला आल्या आणि आमची गट्टी जमली. नातवाचे नाव काय, कुणावरून ठेवले, अशी विचारपूस करता करता त्यांनी मला विचारले, "तुमच्या आजीच्या आईचं नाव काय हो?" मी गप्पच झाले. मग म्हटले, "पणजोबांचे, त्यांच्या वडिलांचे सांगते. पण तिचे नाव ठाऊक नाही." बाई म्हणाल्या, "मग शोधायला हवं." आपण 'चहा टाकते' म्हणतो ना, इतक्या सहजपणे!

हा नाद तिथे घरोघर का आहे, त्यालाही कारण आहे. एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडच्या डोंगराळ मुलखात जमीनदारांनी मेंढ्यांसाठी कुळांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या जमिनीवरून हुसकावले. सदरलंड परगण्यात १८१४ आणि १८१९ साली घरांची छपरे जाळून माणसे बाहेर काढली. कुणी समुद्रकाठच्या खडकाळ तुकड्यावर गेले, कुणी जहाजात बसून कॅनडा गाठला. त्यांची पणतवंडे आज परत येऊन पडक्या भिंती शोधतात. आपले घर कोठे होते, हे त्यांना पाहायचे असते.

शोधाची साधनेही तिथे चांगली आहेत. पूर्वी प्रत्येक गावचे चर्च बारसे व लग्न यांची वही ठेवी. त्यांतली सर्वांत जुनी वही पर्थशायरमधल्या एरल गावची, १५५३ सालची. पण या वह्या कुठे फाटक्या, कुठे अर्ध्या. १७८३ साली सरकारने प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर बसवला, तेव्हा गरिबांनी नोंद करणेच टाळले. १ जानेवारी १८५५ पासून मात्र जन्म, लग्न आणि मृत्यू यांची सरकारी नोंद सक्तीची झाली. आणि भगिनींनो, यातली मला फार आवडलेली गोष्ट ही, की त्या नोंदीत आईचे माहेरचे आडनावही लिहितात. मृत्यूच्या नोंदीत गेलेल्या माणसाच्या आईचे, लग्नाच्या नोंदीत दोघांच्याही आयांचे! थडग्याच्या दगडावरसुद्धा पुष्कळ ठिकाणी बाईचे माहेरचेच नाव आणि खाली 'अमक्याची पत्नी' असे कोरलेले असते. त्यामुळे आईकडून आईकडे असे मागे मागे जाता येते.

नावे ठेवण्याचीही त्यांची एक जुनी रीत होती. पहिला मुलगा आजोबांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या नावाचा. पहिली मुलगी आईच्या आईच्या नावाची, दुसरी वडिलांच्या आईच्या. सगळेच ती पाळीत असे नाही, पण शोधणाऱ्याला तिचा आधार होतो. आमच्या शेजारच्या बाई थोरल्या लेक, म्हणून त्यांचे नाव त्यांच्या आईच्या आईचेच.

त्या आजीविषयी त्यांना फार अभिमान. ती ईशान्य किनाऱ्यावरची. पंधराव्या वर्षी हेरिंग मासळी साफ करायच्या कामाला लागली. मासळीचे थवे किनाऱ्याकिनाऱ्याने सरकत आणि त्यांच्या मागोमाग होड्या. या मुली आपली लाकडी पेटी घेऊन शेटलंडपासून थेट इंग्लंडातल्या यारमथपर्यंत जात. तिघींची एक जोडी, दोघी मासळी चिरणार, तिसरी पिंपात मिठाचे थर देऊन भरणार. सुरी बोटांना लागू नये म्हणून बोटे चिंध्यांनी बांधायची, तरी जखमांत मीठ जाऊन हात चुरचुरत. आणि जरा सवड मिळाली की त्याच हातांनी विणकाम, चालता चालतासुद्धा! १९३६ साली यारमथला या मुलींनी मजुरी वाढवून मिळावी म्हणून संपही केला.

तर अशा आजीचा जन्मदाखला पाहायला आम्ही तिघी एडिंबरोच्या जनरल रजिस्टर हाऊसमध्ये गेलो. बाळ पाळण्यासारख्या गाडीत. मोठी भव्य इमारत, १७७४ साली पायाभरणी झालेली. आत आता जुन्या पानांची चित्रे संगणकावर दिसतात. बाईंनी नाव घातले, गाव घातले, आणि १८८८ सालचे पान उघडले. आजीचे नाव होते. आईचे नाव होते. धंदा, शेतावरची मोलकरीण. बापाची जागा कोरी. आणि आजीच्या नावाखाली एक शब्द, 'अनौरस'. १९१९ पर्यंत हा शब्द तिथल्या नोंदीत लिहिला जात असे.

बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मला वाटले, आता उठतील. आपल्याकडे कुणी असते तर ते पान मिटून टाकले असते. पण त्यांनी चष्मा पुसला आणि समासाकडे बोट दाखवले. तिथे बारीक अक्षरांत दुसऱ्या एका वहीचा क्रमांक होता. दुरुस्तीच्या नोंदींची वही ती. तीही उघडली. त्यात असे निघाले की त्या मोलकरणीने पोरीच्या बापावर कोर्टात दावा लावला होता आणि कोर्टाने तिच्या बाजूने निकाल देऊन त्याचे नाव ठरवले होते.

बाईंचे डोळे भरून आले. म्हणाल्या, "बघा हो, मोलकरीण होती, पण कोर्टाची पायरी चढली! आमच्या घरात हे कुणीच सांगितलं नाही. लाज वाटली असेल. मला मात्र आज तिचाच अभिमान वाटतो."

त्या भागात शेतावर राबणाऱ्या मुलींच्या वाट्याला हे दुःख पुष्कळदा येई. त्याआधीच्या काळात तर चर्चचे पंच अशा मुलीला सर्वांदेखत पश्चात्तापाच्या स्टुलावर बसवीत, आणि तिची जबानी वहीत लिहून ठेवीत. ज्या वह्यांनी तिला खाली बघायला लावले, त्याच वह्यांत आज तिचे नाव सापडते.

शोध म्हणजे नुसता गौरव नव्हे, हे मी तिथे शिकले. कुळाकुळाचे चौकडीचे कापड आपण पाहतो ना, तेही वाटते तितके जुने नाही. १७४५-४६ च्या बंडानंतर पुरुषांना तो डोंगरी पोशाख कायद्याने बंद होता, तो १७८२ ला सुटला. १८२२ साली चौथा जॉर्ज राजा एडिंबरोला आला, तेव्हा वॉल्टर स्कॉटने त्याचा थाट उडवून दिला आणि मग अमक्या कुळाची अमकी चौकट असे ठरत गेले.

खरे जुने ते बायकांच्या गळ्यात होते. बेटांवर लोकरीचे ओले कापड फळीवर आपटून घट्ट करताना बायका समोरासमोर बसून गात. एकीने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ध्रुपद धरायचे. किती वेळ काम झाले ते घड्याळावर नव्हे, किती गाणी झाली त्यावर मोजायचे. १९५१ साली एडिंबरो विद्यापीठात स्थापन झालेल्या संस्थेने अशी गाणी गावोगाव जाऊन ध्वनिमुद्रित केली. बाईंनी मला ती ऐकवली. भाषा कळली नाही, पण मला आईच्या जात्याची घरघर आठवली.

आपल्या मुंबईतल्या विल्सन कॉलेजचे नाव सर्वांना ठाऊक. त्या विल्सनसाहेबांची पत्नी मार्गारेट, माहेरची बेन, ग्रीनॉकची. १८२९ साली ती इथे आली, मराठी शिकली, मुलींच्या शाळा काढल्या आणि १८३५ साली इथेच वारली. तिचे नाव आपल्यापैकी किती जणींना माहीत आहे?

भगिनींनो, आपल्याकडे तर लग्नात मुलीचे आडनावच काय, पहिले नावही बदलत. वंशावळीत पुरुषांची नावे, आणि बायका नुसत्या रेघा. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम आपल्या राज्यात झाला, ही चांगलीच गोष्ट. पण मागच्या गेल्या त्यांचे काय?

परत आल्यावर मी गावी जाऊन नव्वदीच्या मामींना विचारले. त्यांनी बराच वेळ आठवून सांगितले. माझ्या आजीच्या आईचे सासरचे नाव लक्ष्मी. माहेरचे नाव चिमा. एवढेच. पण ते ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. मामी त्यानंतर दोन महिन्यांनी गेल्या. मी जायला उशीर केला असता तर चिमा कायमचीच गेली असती.

म्हणून एकच मागणे. चिटणीसबाईंनी या स्मरणिकेच्या शेवटी दोन पाने कोरी सोडण्याचे कबूल केले आहे. घरी गेल्यावर आपल्या आईचे, आजीचे, पणजीचे नाव तिथे लिहा. माहेरचे आधी, मग सासरचे, आणि गाव. ठाऊक नसेल तर घरातल्या सर्वांत वडील बाईला विचारा. आजच विचारा.