गोदातीरीचे हिवाळी पाहुणे आणि अभयदान

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चातुर्मास संपला की एका गावी स्थिरावलेल्या साधु-साध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो. त्याच सुमारास निफाड तालुक्यात, गोदावरीच्या पात्रात, निराळ्याच प्रवाशांचे आगमन होत असते. त्यांच्या स्वागताला कमानी नसतात आणि त्यांच्या मुक्कामाची पत्रिकाही कोणी छापत नाही. हिमालयापलीकडून, मध्य आशियातून, काही तर थेट सायबेरियातून हजारो कोस अंतर तोडून हे पाहुणे येतात, चार महिने राहतात आणि फाल्गुन-चैत्रात आले तसे निघून जातात. लासलगावच्या कांद्याचे आणि निफाडच्या द्राक्षांचे भाव ज्यांना तोंडपाठ आहेत, अशा पुष्कळ घरांना आपल्या दाराशी येणाऱ्या या पाहुण्यांची नावेही ठाऊक नसावीत, ही खेदाची गोष्ट आहे. आजच्या मंगल प्रसंगी त्यांचा थोडा परिचय व्हावा आणि त्यांच्याविषयी श्रावकाचे कर्तव्य काय, याचाही विचार व्हावा, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी नाशिक ओलांडून पूर्वेकडे येते आणि नांदूर मध्यमेश्वर येथे तिला कादवा नदी मिळते. या संगमावर विसाव्या शतकाच्या प्रारंभी, ब्रिटिश राजवटीत, बंधारा बांधला गेला. बांधणाऱ्यांच्या मनात पक्षी नव्हते. गोदावरीच्या डाव्या आणि उजव्या कालव्याला पाणी मिळावे आणि खालच्या अंगाची कोरडवाहू जमीन भिजावी, हा त्यांचा उद्देश होता. परंतु नदी पाण्याबरोबर गाळही आणते. वर्षानुवर्षे हा गाळ बंधाऱ्यामागे साचत गेला, पात्र उथळ झाले, मध्ये बेटे तयार झाली, काठाला लव्हाळे आणि पाणगवत माजले. पाटबंधारे खात्याच्या वहीत जे नुकसान म्हणून नावे पडले, तेच पक्ष्यांच्या खाती जमा झाले. १९८६ साली या परिसरास अभयारण्याचा दर्जा मिळाला, आणि जानेवारी २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचे नाव झळकले. महाराष्ट्रातून त्या यादीत जाणारे हे पहिलेच स्थळ होय. लोणार आणि ठाण्याची खाडी यांचा क्रमांक त्यानंतर लागला. आजवर येथे अडीचशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे.

चापडगावच्या बाजूने सकाळी काठावर गेले असता प्रथम दिसतो तो नुसता गोंधळ. शेकडो पक्षी, सगळे एकाच पाण्यात, सगळे खाण्यात दंग. पण जरा थांबून पाहिले, की हा गोंधळ नसून मोठी शिस्तबद्ध बाजारपेठ आहे, असे ध्यानी येते. एकाच रस्त्यावर दहा दुकाने असावीत आणि प्रत्येकाचा माल निराळा असावा, तसा हा प्रकार आहे. काठच्या ओल्या चिखलात बोटभर चोचीचा तुतवार किडे टिपतो. वीतभर पाण्यात शेकाट्या आपल्या लांबलचक गुलाबी पायांवर हिंडतो. त्याच्या पुढच्या पाण्यात थापट्या बदक आपली फावड्यासारखी चोच पृष्ठभागावर फिरवीत पाणी गाळून घेतो आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांत अडकलेले कण खातो. पाणी गाळून पिण्याचा संस्कार असलेल्या समाजाला हे दृश्य पाहून गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही, मात्र आपला हेतू आणि त्याचा हेतू यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे! तलवार बदक शेपटी वर आणि डोके खाली करून तळाचे कंद व बिया काढतो. चमचा पक्षी चोच डावी-उजवीकडे फिरवीत लहान मासे पकडतो. ज्याचे पाय आखूड त्याला काठ, ज्याची मान लांब त्याला खोल पाणी. कोणी कोणाच्या गल्ल्यात हात घालीत नाही.

म्हणूनच पाण्याची पातळी हा येथील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. कालव्याचे आवर्तन सुटले, पातळी हातभर उतरली, की चिखलाचे नवे पट्टे उघडे पडतात आणि चिखलपक्ष्यांची चंगळ होते. वरच्या धरणांतून पाणी आले, पातळी चढली, की तेच पक्षी उपाशी पोटी दुसरीकडे जातात आणि बदकांचे क्षेत्र वाढते. एक आठवडा पक्षी दिसले आणि पुढच्या आठवड्यात दिसले नाहीत, एवढ्यावरून ‘पक्षी नाहीसे झाले’ अशी हाकाटी करणे बरोबर नाही. आधी पाणी किती आहे ते पाहावे.

या पक्ष्यांना मराठी माणसाने दिलेली नावे मोठी प्रेमळ आहेत. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला त्याने ‘वारकरी’ म्हटले. काठावर शेपटी वर-खाली आपटीत चालणारा तो ‘परीट’ किंवा ‘धोबी’. चोचीच्या टोकाला पिवळा आणि मुळाशी तांबडा ठिपका असलेले ‘हळदी-कुंकू’ बदक तर बाराही महिने येथेच राहणारे, आपले घरचेच. मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या अरण्यऋषीने पक्ष्यांची अशी नावे आयुष्यभर वेचली. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबर. या दोन दिवसांना जोडून महाराष्ट्रात २०२० पासून पक्षी सप्ताह पाळला जातो. पक्ष्यांची ओळख करून घेण्यास तो काळ उत्तमच, पण खरी गर्दी डिसेंबर-जानेवारीत असते.

या सर्वांत जैन समाजाच्या विशेष जिव्हाळ्याचे दोन पक्षी आहेत. पाचवे तीर्थंकर भगवान सुमतिनाथ यांचे लांछन श्वेतांबर परंपरेत क्रौंच, तर दिगंबर परंपरेत चकवा म्हणजे चक्रवाक मानले जाते. मूर्तीच्या पीठावर कोरलेली ती लहानशी आकृती पुष्कळांनी पाहिलेली असते. प्रत्यक्ष पक्षी पाहिलेले थोडे. चक्रवाक हे मोठे, नारिंगी-तांबूस अंगाचे, फिकट डोक्याचे बदक. उडाले की पंखांवरचा पांढरा भाग लखकन चमकतो. उन्हाळ्यात ते लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर कड्यांच्या कपारींत घरटी करते आणि थंडीत बहुधा जोडीने आपल्या नद्यांवर उतरते. चक्रवाकाच्या जोडीला रात्री विरह घडतो, असा संस्कृत कवींचा संकेत आहे. चरताना दोघे दूर पांगतात आणि अंधारात एकमेकांना साद घालतात, त्यावरून ही कल्पना निघाली असावी. क्रौंच म्हणजे नेमका कोणता पक्षी, याविषयी विद्वानांत एकमत नाही. वाल्मीकींच्या कथेतील क्रौंच हा सारस असावा, असेही काहींचे म्हणणे आहे. आज मराठीत ज्याला क्रौंच म्हणतात, तो राखाडी अंगाचा, काळ्या मानेचा, माथ्यावर लाल ठिपका असलेला उंच पक्षी हिवाळ्यात नांदूर परिसरात येतो. दिवसा हरभऱ्या-गव्हाच्या शेतांत चरतो आणि रात्री उथळ पाण्यात उभा राहून विश्रांती घेतो. एका पंथाचे लांछन आणि दुसऱ्या पंथाचे लांछन एकाच पाण्यावर उतरते, त्यांच्यात मात्र मतभेद झाल्याचे ऐकिवात नाही.

आता कर्तव्याचा विचार. शास्त्रकारांनी आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान असे दानाचे चार प्रकार सांगितले. पैकी पहिली दोन आपल्या समाजाच्या हाडीमासी खिळलेली आहेत. दिल्लीच्या लाल मंदिरातील पक्षी-रुग्णालय त्याची साक्ष देते. चौथ्या दानाचा उच्चार आपण नेहमी करतो, परंतु ते कोणत्या स्वरूपात द्यावयाचे, हे नदीकाठी गेल्यावर जितके स्पष्ट होते तितके क्वचितच कोठे होत असेल. येथे पक्ष्याला हवे असते ते अंतर.

याचा हिशेब व्यापाऱ्याला चटकन समजेल. दूरच्या प्रवासास निघणाऱ्या पक्ष्याचे भांडवल म्हणजे त्याच्या अंगावरची चरबी. चार महिने दाणा-दाणा, किडा-किडा वेचून तो ती साठवितो. काही लहान चिखलपक्ष्यांचे वजन प्रस्थानापूर्वी दीडपट, कधी जवळजवळ दुप्पट होते. या साठ्यावरच त्याला पर्वत आणि वाळवंटे ओलांडावयाची असतात. अशा वेळी कोणी छायाचित्रासाठी टाळी वाजविली, मोटारीचा भोंगा दाबला किंवा ‘थवा उडताना पाहू’ म्हणून खडा टाकला, की पाचशे पक्षी एकदम उडतात. पाहणाऱ्याला ते दृश्य क्षणभर सुंदर वाटते. पण उडणे हा पक्ष्याच्या जीवनातील सर्वांत मोठा खर्च आहे. दिवसातून असे दहा गट आले आणि दहा वेळा थवा उडाला, तर जमेची बाजू कधी वाढावयाची? श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंडविरमण आहे, म्हणजे निष्कारण घडणाऱ्या हिंसेचा त्याग. त्या व्रताचे याहून चपखल उदाहरण सापडणे कठीण. रक्ताचा थेंब सांडत नाही, म्हणून ती हिंसा नव्हे असे कोणी समजू नये. मार्चमध्ये उडालेला दुबळा पक्षी वाटेत कोठे पडला, हे कोणाच्या दृष्टीस पडत नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट खाऊ घालण्याची. कबुतरांना दाणे घालावेत की नाही, हा मुंबईत २०२५ साली उच्च न्यायालयापर्यंत गेलेला विषय येथे काढण्याचे कारण नाही. नदीवरचे हिवाळी पक्षी हे कबुतर नव्हेत. शेव, चिवडा, पाव हे त्यांचे अन्नच नाही. त्यातील मीठ आणि तेल त्यांना अपायकारक होते, आणि उरलेल्यावर कुत्री व कावळे जमतात, जे पुढे अंड्यांवर घाला घालतात. त्यांचे अन्न नदीत भरपूर आहे, फक्त नदी नीट राहिली पाहिजे. वरच्या अंगाने येणारे सांडपाणी आणि शेतांतून वाहून येणारी खते यांवर जलपर्णी पोसते आणि मोकळे पाणी झाकून टाकते. कमळपक्षी व जांभळी पाणकोंबडी अशा वनस्पतींवरही वावरतात, पण बदकांना मोकळे पाणी लागते. जीवदयेच्या निधीतून धान्याची पोती नदीकाठी ओतण्यापेक्षा जलपर्णी काढण्याच्या कामास हातभार लावणे अधिक फलदायी होईल.

तिसरी गोष्ट मांजाची, आणि ती अधिक स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पक्ष्यांची संख्या सर्वाधिक असते तेव्हाच मकर संक्रांत येते. येवल्याच्या पतंगोत्सवाची ख्याती मोठी आहे. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस तेथील आकाश पतंगांनी भरून जाते, आणि आसारीवर दोरा गुंडाळणारे हात तीन-तीन पिढ्यांचे असतात. हा आनंद बंद करावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्यांचा सुताशी संबंध आहे त्यांना दोऱ्या-दोऱ्यांतील भेद समजावून सांगावा लागत नाही. सुताचा दोरा ताण आला की तुटतो, पावसात कुजतो आणि दोन ऋतूंत मातीला मिळतो. नायलॉनचा तंतू तुटत नाही, कुजत नाही, झाडाला गुंतला की वर्षानुवर्षे तसाच फास होऊन राहतो. चित्रबलाकासारखा मोठा पक्षी त्यात पंखाने अडकला, तर सुटण्यासाठी जितका धडपडतो तितका दोरा आत रुततो. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली अशा मांजावर देशभर बंदी घातली, तरी तो लपूनछपून विकला जातोच. विकणारे आणि विकत घेणारे, दोघेही आपल्याच पेठांतले असतात. सुती दोऱ्यालाही काचेची धार लावली तर तो निर्दोष राहत नाही, हेही लक्षात असू द्यावे. पक्षी पहाटे चरण्यास निघतात आणि संध्याकाळी परततात. निदान त्या दोन वेळा मुलांनी पतंग खाली उतरवावेत, आणि सण झाल्यावर झाडांवरचे, तारांजवळचे नव्हे, दोरे काढून जाळ्या-गुंत्यांचा ढीग जमवावा. पाठशाळेच्या मुलांना हे काम दिल्यास ती आनंदाने करतील.

ज्यांना प्रत्यक्ष जावयाचे असेल त्यांनी सूर्योदयापूर्वी निघावे. पांढरी व भडक वस्त्रे टाळून मातकट रंगाची घालावीत. पूजेची शुभ्र वस्त्रे त्या दिवशी घरीच ठेवावीत. साधी दुर्बीण पुरते. स्थानिक तरुण मार्गदर्शकाचे काम करतात, त्यांना सोबत घेतल्यास नावेही कळतात आणि गावाला चार पैसेही मिळतात. निरीक्षण-मनोऱ्यावर बोलणे कुजबुजीपुरतेच असावे. पहिला अर्धा तास काहीच विशेष घडत नाही, असे वाटते. तेवढा काळ जो निश्चल बसू शकतो, त्याच्यापुढे मग पक्षी आपणहून काठाशी येतात.

महावीर जयंतीच्या सुमारास पाहुणे गेलेले असतात आणि पाणी ओसरू लागते. तेव्हा नदी रिकामी झाली असे समजून लोक उघड्या पडलेल्या बेटांवर सहज फिरावयास जातात. पण नदी सुरय नावाचा येथीलच पक्षी, राखाडी अंगाचा, पिवळ्या चोचीचा, नेमका याच दिवसांत वाळूवर अंडी घालतो. घरटे म्हणजे वाळूतला एक उथळ खळगा, बाकी काही नाही. अंडी वाळूच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची असतात आणि चार हातांवरूनही चटकन दिसत नाहीत. डोक्यावर एखादा पक्षी ओरडत घिरट्या घालू लागला, तर पाय जेथे आहे तेथेच थांबवावा, खाली नीट पाहावे, आणि आलेल्या पावलांवरूनच मागे फिरावे.